पीसीओएस नेमकं किती जणींना असतं?

पीसीओएस म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, ओव्हरी (बीजांडकोश) आणि हॉर्मोन यांच्या बिघाडाच्या लक्षणांचा संच. मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी तेवीस वर्षांची. पोटात दुखायला लागलं म्हणून सोनोग्राफी केली. दुखणं निघालं मूतखड्याचं, पण रिपोर्टच्या तळाशी एक ओळ आली: ‘दोन्ही ओव्हरीज पीसीओ पॅटर्न’, म्हणजे पॉलिसिस्टिक, पुष्कळ ठिपके असलेल्या ओव्हरीचं रूप. डावीकडे १४ फॉलिकल (स्त्रीबीजाच्या बारीक पिशव्या), उजवीकडे १५, आकारमान आठ-आठ मिलिलिटर. पाळी तीस ते चौतीस दिवसांनी येते, तोंडावर अधूनमधून मुरुम. ऑफिसातल्या सहा मैत्रिणींपैकी तिघी म्हणाल्या, ‘मलाही आहे.’ एका ठिकाणी वाचलं की वीस जणींत एकीला असतं, दुसरीकडे पाचांत एकीला. खरं काय? सगळ्यांना एकदम कसं झालं? मला आहे का? आणि आई म्हणते तशी चौदा वर्षांच्या धाकट्या बहिणीचीही सोनोग्राफी करून घ्यायची का?

आधी आकडा देऊन टाकते. जागतिक आरोग्य संघटनेचा सध्याचा अंदाज आहे की पाळी येण्याच्या वयातल्या १० ते १३ टक्के स्त्रियांना पीसीओएस असतं. म्हणजे आठ-दहा जणींत एक. त्याच अंदाजात पुढे असंही आहे की ज्यांना आहे त्यांतल्या ७० टक्क्यांपर्यंत स्त्रियांचं निदानच झालेलं नसतं. पहिलं वाक्य सगळीकडे छापून येतं, दुसऱ्याकडे फारसं कुणी बघत नाही. माझा सगळा अनुभव मात्र त्या दुसऱ्या वाक्यात आहे: ज्यांना आहे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं, आणि ज्यांना नाही त्या रिपोर्ट घेऊन रडवेल्या होऊन समोर बसलेल्या असतात.

वीसांत एक आणि पाचांत एक, हे दोन्ही आकडे कुणी हवेतून काढलेले नाहीत. मोजणाऱ्यांनी वेगवेगळ्या गोष्टी मोजल्या, एवढंच. साखर मोजून मधुमेह ठरवता येतो, तशी पीसीओएसची एकच एक तपासणी नाही. हा लक्षणांचा संच आहे, आणि संचात किती आणि कोणती लक्षणं हवीत हे माणसांनी बैठकीत बसून ठरवलंय. १९९० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या बैठकीतून जी व्याख्या निघाली, तिला दोन गोष्टी एकत्र हव्या होत्या: पाळीची अनियमितता, आणि अँड्रोजन म्हणजे पुरुषी म्हणवले जाणारे हॉर्मोन वाढल्याचा पुरावा. तिथे सोनोग्राफीचा उल्लेखच नव्हता. २००३ मध्ये रॉटरडॅमला तज्ज्ञ जमले आणि त्यांनी तिसरी गोष्ट आणली, ओव्हरीचं सोनोग्राफीवरचं रूप, आणि म्हटलं की तिन्हींपैकी कोणत्याही दोन असल्या तरी चालेल. २००६ मध्ये तिसऱ्या एका गटाने सांगितलं की काही झालं तरी अँड्रोजन वाढलेलं हवंच, बाकीच्या दोन्हींपैकी एक पुरे. आज जगभर चालते ती मुख्यतः रॉटरडॅमचीच चौकट, थोडी घासूनपुसून.

दार जेवढं रुंद, तेवढी गर्दी आत. जगभरचे अभ्यास एकत्र करून पाहिलं तर १९९० च्या व्याख्येने साधारण ६ टक्के येतात आणि रॉटरडॅमच्या व्याख्येने साधारण १०.

याचं मला आवडणारं उदाहरण ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड शहराचं आहे. तिथे एकाच रुग्णालयात १९७३ ते १९७५ या काळात जन्मलेल्या मुली मोठ्या झाल्यावर शोधून काढल्या आणि त्यांतल्या ७२८ जणींची तपासणी केली. तेव्हा त्यांची वयं सत्तावीस ते चौतीस होती. जुन्या व्याख्येने पीसीओएस निघालं ८.७ टक्के जणींना. रॉटरडॅमने मोजल्यावर तेच झालं ११.९ टक्के. काहींची सोनोग्राफी झाली नव्हती, त्यांचे रिपोर्ट काय आले असते याचा हिशोबी अंदाज धरल्यावर आकडा गेला १७.८ वर. बायका त्याच, ओव्हऱ्या त्याच, फक्त फूटपट्टी बदलली. आणि ज्यांना निघालं त्यांतल्या सुमारे दोन-तृतीयांश जणींना आपल्याला असं काही आहे याची गंधवार्ता नव्हती. या अभ्यासाचं मोल आणखी एका गोष्टीत आहे. या बायका दवाखान्यात तक्रार घेऊन आलेल्या नव्हत्या, जन्माच्या नोंदवहीतून काढलेल्या होत्या. वंध्यत्वाच्या किंवा त्वचेच्या दवाखान्यात बसून मोजलं तर पीसीओएस ढिगाने सापडतं, कारण ती माणसं त्याच कारणाने तिथे आलेली असतात. अशा ठिकाणचा आकडा उचलून ‘स्त्रियांमध्ये इतके टक्के’ म्हणून फिरवला की गोंधळ सुरू.

आता तुमच्या त्या ओळीकडे येऊ.

सोनोग्राफीच्या पडद्यावर ओव्हरी करड्या रंगाची, बदामासारखी दिसते. तिच्यात काळे ठिपके दिसतात. ही फॉलिकल, म्हणजे स्त्रीबीज ज्यात वाढतं त्या पाण्याने भरलेल्या बारीक पिशव्या. दोन ते नऊ मिलिमीटरच्या ठिपक्यांची मोजणी करायची असते. बघताना प्रोब थोडासा सरकवला की दोन ठिपके मागे जातात, तीन नवे पुढे येतात. एकच ठिपका दोनदा मोजला गेला का, हे मोजणाऱ्यालाही छातीठोकपणे सांगता येत नाही. मी स्वतः एकाच ओव्हरीत पाच मिनिटांच्या अंतराने १३ आणि १७ असे दोन आकडे मोजलेत. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत तर ही मोजणी फारच कच्ची असते. तिथे ठिपक्यांपेक्षा ओव्हरीच्या आकारमानाकडे बघावं असं आता सांगितलं जातं.

२००३ मध्ये ठरलं होतं की एका ओव्हरीत १२ किंवा जास्त ठिपके असले तर ती पॉलिसिस्टिक म्हणायची. मग मशिनं सुधारली. पूर्वी जिथे नऊ दिसायचे तिथे सोळा दिसू लागले. काही अभ्यासांत विशीतल्या अगदी ठणठणीत, पाळी नियमित असलेल्या निम्म्याहून अधिक स्त्रिया या १२ च्या रेषेपलीकडे निघाल्या. निम्म्याहून अधिक जणींमध्ये जे आढळतं त्याला आजार कसं म्हणायचं? म्हणून २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत रेषा १२ वरून २० वर नेली आणि २०२३ च्या सूचनांत ती तशीच ठेवली. आकारमानाची रेषा १० मिलिलिटरची आहे. तुमच्या रिपोर्टात १४, १५ आणि आठ मिलिलिटर आहे. २००३ च्या मापाने तुमच्या ओव्हऱ्या पॉलिसिस्टिक, आजच्या मापाने नाहीत. रिपोर्टच्या साच्यात जुनं वाक्य तसंच राहून गेलं असावं. असं सर्रास होतं.

आणि समजा २५ ठिपके असते, तरी तो तीनपैकी एकच मुद्दा झाला असता. जुन्या मापानेसुद्धा, १९८८ मध्येच, कोणतीही तक्रार नसलेल्या स्वयंसेवक स्त्रियांची सोनोग्राफी केली तेव्हा पाचांतल्या एकीहून थोड्या जास्त जणींत अशा ओव्हऱ्या सापडल्या होत्या. तुम्ही वाचलेला ‘पाचांत एक’ बहुधा असा कुठून तरी आलाय: चित्र मोजलं आणि त्याला सिंड्रोमचं नाव दिलं.

या चित्राला एवढं महत्त्व का मिळालं, तर नावामुळे. १९३५ मध्ये शिकागोच्या स्टाईन आणि लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनी सात स्त्रियांचं वर्णन छापलं. पाळी बंद, अंगावर केस, मूल नाही, आणि ऑपरेशनमध्ये दिसलेल्या मोठ्या, गुळगुळीत, फोडांनी भरलेल्या ओव्हऱ्या. पोट उघडल्यावर डोळ्यांना जे दिसलं त्यावरून नाव पडलं. खरं तर त्या ‘सिस्ट’ म्हणजे गाठी नाहीतच. ती अर्ध्या वाटेवर थांबलेली फॉलिकल आहेत. दर महिन्याला काही फॉलिकल वाढायला लागतात, त्यांतलं एक पुढे जातं आणि फुटून स्त्रीबीज बाहेर पडतं. पीसीओएसमध्ये मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीकडून एलएच हॉर्मोन जास्त येतं, रक्तात इन्सुलिन चढं असतं, आणि या दोघांच्या जोरावर ओव्हरीतल्या पेशी जास्त अँड्रोजन बनवतात. चढं इन्सुलिन वर आणखी एक करतं. अँड्रोजनला रक्तात बांधून ठेवणारं जे प्रथिन यकृतात बनतं, त्याचं उत्पादन घटवतं. मग मोकळं अँड्रोजन वाढतं, हनुवटीवर केस येतात, आणि फॉलिकल सात-आठ मिलिमीटरवर अडून बसतात. कुणीच पुढे जात नाही, म्हणून पाळी लांबते. म्हणजे ठिपके हा या भांडणाचा मागे राहिलेला पसारा. ‘गाठी विरघळवण्याची’ औषधं विकणारे नेमका हा पसारा दाखवून पैसे घेतात. २०१२ मध्ये अमेरिकेत नेमलेल्या एका स्वतंत्र समितीने तर स्पष्ट म्हटलं होतं की हे नावच दिशाभूल करतं, बदला.

जाता जाता, पीसीओडी आणि पीसीओएस हे दोन वेगळे आजार, एक सौम्य आणि एक गंभीर, असं जे ठासून सांगितलं जातं त्याला आधार नाही. आंतरराष्ट्रीय सूचनांत पीसीओडी नावाचं निदान नाही. बोलण्यात रुळलेलं जुनं नाव आहे ते. फरक करायचाच तर नुसत्या ओव्हरीच्या रूपात आणि सिंड्रोममध्ये करावा.

तर सहांपैकी तिघींना कसं? कागदावर हिशोब करून बघा. हजार स्त्रिया घ्या. त्यांत शंभर ते एकशेतीस जणींना खरोखर पीसीओएस. सत्तर टक्के बेदखल, म्हणजे माहीत असलेल्या तीस-चाळीस. आता याच हजार जणींची कुठल्या ना कुठल्या निमित्ताने सोनोग्राफी झाली, तर ‘पीसीओ’ दिसणाऱ्या निदान दोनशे, जुन्या १२ च्या रेषेने आणि तरुण वयात तर चारशे-पाचशेही. या दोन घोळक्यांत काही जणी सामाईक आहेत, पण बऱ्याच नाहीत. तुमच्या तिघी मैत्रिणींना विचारा की पाळी वर्षातून किती वेळा येते आणि रक्ताची तपासणी कोणती झाली. माझा अंदाज, तिघींपैकी दोघींकडे फक्त सोनोग्राफीचा कागद असेल.

दुसऱ्या बाजूची एक गोष्ट सांगते, ओळख पटू नये एवढा बदल करून. बत्तीस वर्षांची बाई माझ्याकडे आली ती चक्कर येते म्हणून. वजन बेताचं, दिसायला तब्येत उत्तम. पाळी कशी, विचारल्यावर म्हणाली, ‘नियमित.’ नियमित म्हणजे? ‘दर दोन महिन्यांनी, ठरलेली.’ वर्षाला सहा. सोळाव्या वर्षापासून असंच होतं, म्हणून तिच्या लेखी ते नियमितच. उठताना तिच्या पर्समधून काहीतरी खाली पडलं. केस उपटायचा छोटा चिमटा. मी विचारलं, रोज? तिने मान खाली घातली आणि हळूच हो म्हणाली. रोज सकाळी, दार लावून, हनुवटी आणि जबडा. नवऱ्यालाही ठाऊक नव्हतं. आधीच्या सोळा वर्षांत तिने किती तरी डॉक्टर पाहिले होते, सर्दीला, तापाला, एकदा पाठीला. केसांचं कुणी विचारलं नव्हतं आणि तिने सांगितलं नव्हतं. तिच्या निदानाला सोनोग्राफीची गरजच पडली नाही. पाळी लांबलेली आणि अँड्रोजनची खूण उघड असेल आणि इतर कारणं वगळली असतील, तर मोठ्या स्त्रीच्या बाबतीत २०२३ च्या सूचनाही तेच म्हणतात. ही बाई त्या ७० टक्क्यांतली.

तिच्याबाबतीत डॉक्टरांची नजर चुकली त्याचं एक कारण तिचं वजनही असावं. पीसीओएस म्हणजे जाड मुलींचा आजार, असा समज डॉक्टरांच्याही डोक्यात घट्ट बसलाय. दवाखान्यात येणाऱ्यांत वजनदार स्त्रिया जास्त असतात हे खरं, पण ती निवड दवाखान्याच्या दाराने केलेली. सर्वसाधारण लोकसंख्येतून स्त्रिया घेऊन तपासलं की वजनाप्रमाणे पीसीओएसचं प्रमाण थोडंफारच वाढताना दिसतं. वजन वाढलं की लक्षणं बळावतात आणि बाई डॉक्टरकडे जाते. इन्सुलिनचा अडथळा, म्हणजे शरीराने इन्सुलिनला नीट दाद न देणं, सडपातळ मुलींमध्येही सापडतो.

‘आजकाल वाढलंय का?’ याला माझं उत्तर मोजून-मापून आहे. निदान नक्की वाढलंय, कारण व्याख्या रुंदावली, मशिनं घरोघरच्या दवाखान्यांत पोचली, आणि बायका बोलायला लागल्या. त्यातून खरी वाढ किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. वजन वाढत चाललेल्या पिढीत लक्षणं जास्त ठळक होत असणार, एवढं म्हणता येईल. पण मुळात यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. हॉलंडमधल्या जुळ्या बहिणींच्या अभ्यासात तो ७० टक्क्यांच्या आसपास निघाला होता. माणसाची जनुकं काही वीस वर्षांत बदलत नाहीत.

प्रमाण वयानेही हलतं. किशोरवयात पाळी तशीच डळमळीत असते, त्यामुळे खोटी निदानं जास्त. तिशीच्या उत्तरार्धात फॉलिकल कमी होतात, अँड्रोजन उतरतं, आणि पीसीओएस असलेल्या अनेक जणींची पाळी आपोआप सुधारते. तेव्हा मोजलं तर त्या हिशोबातून निसटतात. शरीरातला इन्सुलिनचा भाग मात्र जात नाही.

हे सगळं मोजायचं कशाला, तर यासाठी की निदान चुकणाऱ्या बाईचं नुकसान होतं. पाळी वारंवार तीन-तीन महिन्यांवर लांबली की गर्भाशयाचं अस्तर वाढत राहतं, आणि त्यात पुढे बिघाड होऊ शकतो. टाइप २ मधुमेहाचा धोका जास्त, गरोदरपणात साखर चढण्याचा जास्त, नैराश्य आणि चिंतेचं प्रमाण जास्त. स्त्रीबीज वेळेवर न सुटण्याचं हे सगळ्यात मोठं कारण आहे, पण त्यावर उपाय आहेत आणि बहुतेकींना मूल होतं. हे शेवटचं वाक्य अठरा वर्षांच्या मुलीला रिपोर्ट देताना कुणी सांगत नाही, याचा मला राग येतो.

आता तुमचं. तीस ते चौतीस दिवसांची पाळी नियमित धरतात. पाळी सुरू होऊन तीन वर्षं उलटली की २१ ते ३५ दिवस हे ठीक. अधूनमधून मुरुम हा अँड्रोजनचा भक्कम पुरावा नाही. ओव्हऱ्या आजच्या मापात बसत नाहीत. तुम्ही लिहिलंय तेवढ्यावरून तीनपैकी एकही मुद्दा धड उभा राहत नाही. ओठांच्या वर, हनुवटीवर, छातीवर, बेंबीखाली, पाठीवर जाड काळे केस असतील आणि संकोचाने लिहिले नसतील, तर मात्र चित्र बदलतं. मग रक्तातलं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे मुख्य अँड्रोजन, तपासून घ्या. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर ती तपासणी फसवी येते, निदान तीन महिने बंद ठेवून करावी लागते, आणि त्या काळात दुसरा उपाय वापरायचा. पाळी कधी लांबायला लागली तर थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हॉर्मोन) हेही बघतात, कारण पाळी लांबवणारं प्रत्येक कारण पीसीओएस नसतं. उपासमार, अतिव्यायाम आणि ताण यांनीही ती थांबते, आणि अशा मुलीच्या ओव्हऱ्यांतही ठिपके भरपूर दिसू शकतात. तिला ‘पीसीओएस आहे, वजन कमी कर’ म्हणून सांगणं म्हणजे आगीत तेल.

बहिणीची सोनोग्राफी करू नका. पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षं होईपर्यंत या निदानासाठी ओव्हरीचं चित्र बघायचंच नाही, असं सूचना सांगतात, कारण त्या वयात ठिपके असणं हाच नियम. एएमएच नावाची जी रक्ततपासणी मोठ्यांमध्ये सोनोग्राफीऐवजी चालते, तीही या वयात नको. तिची पाळी दीड वर्षापूर्वी सुरू झाली असं तुम्ही लिहिलंय. पहिल्या ते तिसऱ्या वर्षात २१ ते ४५ दिवसांचं अंतर चालतं. आईला सांगा, पीसीओएस असलेल्यांच्या सख्ख्या बहिणींपैकी एका अभ्यासात ३२ टक्के जणींना ते निघालं होतं, त्यामुळे त्यांची काळजी अगदीच अस्थानी नाही. पण त्यासाठी आधी तुम्हाला असायला हवं. बहिणीला एक छोटी वही द्या किंवा फोनवर तारखा टिपायला लावा. दोन पाळ्यांत एकदाही ९० दिवसांहून जास्त अंतर पडलं, तिसऱ्या वर्षानंतरही ३५ दिवसांच्या पुढे जात राहिली, किंवा जाड केस आणि न हटणारे मुरुम दिसले, तर ती वही घेऊन डॉक्टरकडे जा.